केळ निसवेपर्यंत

माझ्या थोरल्या बहिणीने, एनिडने, मास यूस्टसशी लग्न ठरवलं तेव्हा मी नको म्हटलं होतं. पुढे बऱ्याच वर्षांनी मास यूस्टसनी बर्मिंगहॅमच्या चिखलात केळ लावली तेव्हाही मी नकोच म्हटलं. दोन्ही वेळा माझं कुणी ऐकलं नाही आणि दोन्ही गोष्टी टिकल्या. तेव्हापासून माझ्या मताला आमच्या घरात फारशी किंमत नाही. मी ते द्यायचं मात्र थांबवलेलं नाही.

त्यांचं पूर्ण नाव यूस्टस डेकर्स. आम्ही जमैकावाले वडीलधाऱ्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारत नाही, म्हणून ते मास यूस्टस. आणि मी त्यांच्याहून बारा वर्षांनी लहान असूनही त्यांच्या तोंडी मिस व्हिनी. हँड्सवर्थला रेल्वेच्या भिंतीमागे पालिकेने लोकांना भाजीपाल्यासाठी जमिनीचे तुकडे दिलेत. त्यातला एक त्यांचा, त्याला लागून माझा. माझ्या तुकड्यात खायच्या गोष्टी असतात. कॅलालूची भाजी, भोपळा, काचघरात मिरच्या. त्यांच्याकडेही कांदे-बटाटे होते, पण ते आपले लोकलाजेस्तव. जीव सगळा त्या केळीत.

ओतकारखान्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी ती आणली. अंगठ्याएवढं रोप, गळ्यात चिठ्ठी: थंडी सोसणारी केळ.

मी म्हटलं, “थंडी तर मीपण सोसते की. मला कुठे केळी लागलेली बघितलीत?”

“तुला खतपाणी कमी पडलं, मिस व्हिनी,” ते म्हणाले आणि खड्डा खणायला लागले.

या जातीला केळी लागलीच तर बोटाएवढी लागतात आणि आत नुसत्या बिया. हे त्यांना माझ्याआधी माहीत होतं. “मला खायची नाहीत, लागलेली बघायचीत,” म्हणायचे. जमैकात, पोर्टलंडच्या डोंगरात त्यांच्या वडिलांची केळीची बाग होती. तरणेपणी मास यूस्टसनी घड डोक्यावर घेऊन पोर्ट अँटोनियोच्या धक्क्यापर्यंत वाहिले. एका वादळात बाग आडवी झाली, आणि ते त्याच धक्क्यावरून बोटीत बसून इकडे आले. त्यानंतर झाडावर लटकणारा घड त्यांनी पाहिला नाही. परत जायचं म्हणून दोनदा तिकीट काढलं, दोनदा काहीतरी निघालं, आणि मग एनिड गेली. एकट्याने जाऊन काय करू, म्हणाले.

केळीचं इथलं गणित असं आहे. थंडीने ती वरून मरते. पानं काळी पडतात, खांब कुजून चिखल होतो. जमिनीतला गड्डा मात्र झोपून राहतो आणि मे महिन्यात पुन्हा पोंगा वर काढतो. म्हणजे झाड मरत नाही, पण दरवर्षी जमिनीपासून सुरुवात करणारं झाड निसवतही नाही. केळफूल बाहेर पडायचं तर तोच एक खांब दोन-तीन हिवाळे जिवंत काढावा लागतो. एकदा घड दिला की तो खांब आपोआप मरतो, त्याचं काम झालेलं असतं.

म्हणून दर ऑक्टोबरात मास यूस्टसचा सोहळा सुरू व्हायचा. पानं देठाशी छाटायची. खांबाभोवती कोंबड्यांची जाळी उभी करायची, एक हात मोकळी. त्या मोकळ्या जागेत कोरडा पेंढा दाबून भरायचा. ओला चालत नाही, ओल्या पेंढ्यात खांब थंडीआधीच सडतो. वरून गोणपाट गुंडाळायचं. आणि सगळ्यात वर पालथी बादली, कारण पावसाचं पाणी वरून गाभ्यात उतरलं आणि तिथे गोठलं की खेळ खलास. वारा गोणपाट उडवायचा, म्हणून शेवटी ते आपला कारखान्यातला जाड काळा कोट त्यावर चढवत आणि बटणं लावत. स्वतःच्या मुलीला कधी एवढं नीट कपडे घातले नसतील. नाकापेक्षा मोती जड, मी म्हणायचे. ते ऐकायचे आणि कॉलर सरळ करायचे.

एनिड गेल्यानंतरच्या पाचव्या फेब्रुवारीत ते तिथे पडले. बर्फ झाला होता, बादली हलली का बघायला एकटेच गेले, पाय सरकला. कंबर धरली. मोबाईल खोपटात. तासाभराने आमच्या तुकडेवाल्यांच्या मंडळाचा अध्यक्ष रॉन ट्रँटर कुत्र्याला फिरवायला आला म्हणून सापडले. तेव्हा वय एक्याऐंशी.

त्यांची मुलगी क्लॉडेट वॉल्सॉलहून आली. मुलगी गुणाची आहे, पण आवाज आमच्या घराण्याचा. दवाखान्याच्या अख्ख्या मजल्याने ऐकलं.

“डॅडी, बस झालं आता. तुकडा सोडा. खोपटाची किल्ली पालिकेला परत करायची, आजच.”

“आज दवाखान्यात आहे मी.”

“मी करते.”

“कांदे लावलेत.”

“कांदे मी आणून देते! हव्या तेवढ्या गोण्या आणते!”

त्या दोघांचं असं तासभर चाललं. दोघांनाही समोरचा म्हणजे पालथा घडा वाटत असणार. शेवटी मास यूस्टस दमले आणि म्हणाले, “केळ निसवेपर्यंत. या खांबाने दोन हिवाळे काढलेत. अजून एक काढला की पुढच्या उन्हाळ्यात निसवेल. घड बघितला की किल्ली मी स्वतः नेऊन देतो.”

“शब्द?”

“शब्द.”

क्लॉडेटने माझ्याकडे पाहिलं. “आँटी व्हिनी, तू साक्षीला आहेस.” मी होते. मला वाटलं, बरं झालं, पोरीचा जीव भांड्यात पडला आणि म्हाताऱ्याला घडही मिळेल.

त्याच वर्षीच्या पाच नोव्हेंबरला ती गोष्ट घडली.

चारशे वर्षांपूर्वी कुणीतरी इंग्रजांच्या राजाला दारूगोळ्याने उडवायला निघाला होता. त्याचा राग हे लोक अजून काढतात. दर पाच नोव्हेंबरला मोठी होळी पेटवायची, आणि जुन्या कपड्यांत पेंढा भरून त्या माणसाचा पुतळा करून तिच्यावर जाळायचा. आमच्या मंडळाचीही होळी असते. रॉन ट्रँटर ती रचतो. ज्याला जमेल तो पुतळा करून आपल्या तुकड्यावर उभा करून ठेवतो, रॉन चार वाजल्यापासून हातगाडी घेऊन ते गोळा करत फिरतो. इकडे नोव्हेंबरात चार म्हणजे दिवेलागण.

त्या वर्षी एरवी पुतळे करणारी दोन घरं दुसरीकडे राहायला गेली होती. रॉन रिकामी हातगाडी ढकलत आमच्या बाजूला आला. समोर काय? पेंढ्याने टम्म फुगलेला, काळा कोट घातलेला, डोक्यावर बादलीची टोपी असलेला, मास यूस्टसहून उंच गडी.

तो नंतर मला म्हणाला, “व्हिनी, मला इतका आनंद झाला! म्हटलं, यूस्टसने या वर्षी आपल्यासाठी केवढा थोरला केलाय.” केळ त्याने उन्हाळ्यात दहादा पाहिली होती, पण थंडीत तो या बाजूला फिरकत नसे. पुतळा जमिनीत घट्ट होता. वाऱ्याने पडू नये म्हणून यूस्टसने एखाद्या वाशाला बांधला असेल असं समजून त्याने करवत लावली. केळीचा खांब म्हणजे काय, काकडीच. दोन हातांत खाली.

मी सातला गेले, आल्याचं सरबत घेऊन. मास यूस्टस माझ्याबरोबर होते, नवी काठी टेकत. होळीभोवती सगळे उभे, पण होळी काही धरेना. बाजूची फळकुटं जळत होती आणि मधोमध नुसती चूं चूं वाफ. तो गडी पेट घ्यायला तयार नाही. उलट त्याच्या पोटातून पाणी गळून खालचा विस्तव विझत होता. लोक हसत होते. रॉन पंपाने रॉकेल उडवत होता आणि म्हणत होता, “यूस्टस, यात भरलंस तरी काय रे गड्या?”

मास यूस्टसनी चष्मा पुसला. मग म्हणाले, “तो माझा कोट आहे.”

एवढंच. रॉनच्या हातातला पंप तसाच राहिला. त्याने एकदा होळीकडे पाहिलं, एकदा आमच्या तुकड्याकडे, आणि त्याच्या चेहऱ्यावरून मला कळलं की आता त्याला कळलं. मी तोंड उघडलं. मला बरंच बोलायचं होतं आणि त्यातलं बरंचसं चर्चला जाणाऱ्या बाईने बोलायचं नव्हतं. मास यूस्टसनी माझा दंड धरला. “घरी चल, मिस व्हिनी,” म्हणाले. वाटेत त्यांना रडू आलं. मी त्यांना एनिडच्या दफनालाही रडताना पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रॉन मास यूस्टसच्या दारात. हा माणूस बस चालवून निवृत्त झालेला, सहा फूट उंच, आणि उंबऱ्यावर टोपी चुरगळत उभा. “यूस्टस, मी काय करू ते सांग.”

“पानं आण,” मास यूस्टस म्हणाले. “रस्त्यावरची वाळकी पानं. खुंटावर ढीग घालायचा. गड्डा जगला तर जगला.”

रॉनने त्याचा कुत्राही आत बुडेल एवढा ढीग घातला.

मार्च गेला, काही नाही. ईस्टरला क्लॉडेट आमच्या रीतीप्रमाणे बन आणि चीज घेऊन आली. बापाच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, “डॅडी, मला खरंच वाईट वाटलं. पण झाड गेलं. आता कशासाठी थांबायचं?”

“मे संपू दे.”

मे संपायच्या आत पोंगे आले. एक नाही, पाच. हिरवे, गुंडाळलेले, ढिगातून सरळ वर. मास यूस्टस गुडघ्यावर बसून बघत राहिले, मग त्यांना उठवायला मी आणि रॉन दोघे लागलो. त्यांनी सगळ्यात जाड तो ठेवला, बाकीचे खणून वाटून टाकले. रॉनलाही एक दिला. रॉनने तो दारात लावला, पहिल्याच उन्हाळ्यात त्याची बायको म्हणाली की पत्र टाकणाऱ्याला दार सापडत नाही.

मग क्लॉडेटला फोन. मी शेजारी बसले होते.

“निसवायला आता तीन हिवाळे.”

पलीकडून जे आलं ते फोन कानापासून लांब धरून ऐकण्यासारखं होतं.

“शब्द काय होता?” मास यूस्टस म्हणाले. “निसवेपर्यंत. निसवली का? नाही.”

क्लॉडेट काय करणार? केळ तिने जाळली नव्हती, बापाने जाळली नव्हती. कबूल झाली. मला वेगळा फोन करून म्हणाली, “आँटी, त्यांच्यावर नजर ठेव गं. मला रोज येता येत नाही.” मी ठेवली. तशीही ठेवतेच.

पहिला हिवाळा ठीक गेला, दुसराही. रॉनने आता गुंडाळण्याचं सगळं काम आपल्याकडे घेतलं होतं. भाचीच्या तबेल्यातून पेंढा आणायचा, तो आधी आपल्या गॅरेजमध्ये पसरून वाळवायचा, जाळी उभी करायची, बादली दोरीने बांधायची. शिवाय एक पाटी रंगवून आणली: हे जाळू नये. लोक तिच्याबरोबर फोटो काढायचे. मास यूस्टस खुर्चीवर बसून “डावीकडे दाब, अजून दाब,” असं सांगायचे. दोघांचं गूळपीठ जमलं. पण होळी आली की रॉन दरवर्षी एकदा माफी मागायचा आणि मास यूस्टस दरवर्षी म्हणायचे, “जाऊ दे रे.”

तिसऱ्या उन्हाळ्यात केळ माझ्या खोपटाच्या छपरावर गेली. खांब मांडीएवढा. पानांना वारा लागला की शेजारचे मान वर करून बघायचे. पुढच्या उन्हाळ्यात निसवणार याबद्दल कुणालाच शंका नव्हती. क्लॉडेटने रजा आधीच मांडून ठेवली, घडाबरोबर बापाचा फोटो काढायचा म्हणून. मास यूस्टस चौऱ्याऐंशीचे झाले होते. मला वाटलं ते खूश असतील, पण ते गप्प गप्प असायचे. मी ते वयाच्या खात्यावर टाकलं.

डिसेंबरात एकदा मी गेले तर बादली खाली पडलेली. वारा होता. मी शिडी लावून ती परत चढवली. सत्तरी ओलांडलेल्या बाईने शिडीवर चढणं म्हणजे काय ते ज्याचं त्याला ठाऊक. आठवड्याने पुन्हा खाली. मी पुन्हा चढवली आणि दोरीला माझी गाठ मारली. माझी गाठ सुटत नाही, शाळेच्या भटारखान्यात मी पिठाच्या गोण्या बांधायचे. जानेवारीत गेले तर बादली खाली आणि दोरी कुठेच नाही. खोपटात पाहिलं तर दोरी खिळ्याला अडकवलेली, व्यवस्थित वेटोळं करून.

वारा दोरी गुंडाळून ठेवत नाही.

मी तिथेच बसून राहिले. अर्ध्या तासाने मास यूस्टस आले, बगलेत थर्मास. मला पाहून थबकले.

“वर चढलात कसे?” मी विचारलं. एवढी चिडले होते, पण पहिलं तेच तोंडात आलं.

“चढलो नाही. काठीने ढकलली. गाठ कोयत्याने तोडली.” मग म्हणाले, “चांगली होती गाठ.”

“आणि पाऊस पडतोय रोज. गाभ्यात पाणी गेलं असेल.”

“गेलं असेल.”

“मग काय वेड लागलंय तुम्हाला? तळहाताच्या फोडासारखी जपलीत ना ती? आता निसवायच्या वर्षी—”

“म्हणूनच,” ते म्हणाले.

त्यांनी दोन कपांत चहा ओतला. “निसवली की किल्ली द्यायची, मिस व्हिनी. शब्द दिलाय. मग काय करू मी? घरी खुर्चीत बसतो, क्लॉडेट फोन करते, गोळी घेतली का, जेवलात का, दार लावलं का. दिवसभर मला सगळे विचारतात. इथे मी विचारतो. रॉन, पेंढा वाळला का? मिस व्हिनी, भोपळ्याला पाणी घातलंस का?” चहा प्यायले. “कुजली तर मेमध्ये पुन्हा येईल. अजून तीन हिवाळे. तेवढे मला पुरतील.”

“मग पोरीला सरळ सांगा ना, की सोडायचं नाही म्हणून. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवता?”

“सांगितलं तर ती हो म्हणेल. मग रोज घाबरत बसेल, आणि ती माझ्यामुळे घाबरते हे मला रोज कळत राहील. केळीमुळे उशीर झाला, तर दोष केळीचा.”

मला त्यांचा राग आला, तरी चहाचा कप मी घेतला. मी म्हटलं, “मी आपणहून कुणाला सांगणार नाही. पण कुणी विचारलं तर खोटंही बोलणार नाही.”

“एनिडपण असंच म्हणाली असती,” ते म्हणाले. ते खरं नव्हतं. एनिडने बादली त्यांच्या डोक्यात घातली असती.

एप्रिलच्या एका रविवारी केळ उघडायची ठरली. निसवायचं वर्ष म्हणून क्लॉडेट मुद्दाम आली. रॉनने इस्त्रीचा शर्ट घातला होता. बादली खाली पडलेलीच होती. गोणपाट काढलं, जाळी सोडली, पेंढा ओढला. वरचा पेंढा काळा, चिकट निघाला. वास आला. मोरीत कोबी कुजल्यावर येतो तसला. रॉनने खांबाला हात लावला आणि त्याची बोटं आत गेली.

मग त्याचं तोंड वेडंवाकडं झालं. “माझीच चूक. बादली मी बांधली होती, नीट बांधली नसणार. एकदा तुझी केळ जाळली, यूस्टस, आणि आता कुजवली. मला हात लावू द्यायला नको होता तू.” एवढा मोठा माणूस, शर्टाच्या बाहीने डोळे पुसायला लागला.

क्लॉडेटने आधी त्याच्या पाठीवर हात ठेवला, मग बापाजवळ गेली. मला वाटलं आता आवाज चढणार. चढला नाही. ती हळूच म्हणाली, “डॅडी, वाईट वाटून घेऊ नका. गड्डा आहे ना खाली? पुन्हा येईल. तीन वर्षं तर तीन वर्षं. मी थांबेन.”

म्हणजे त्यांना हवं होतं ते सगळं त्यांच्या पदरात पडलं होतं, न मागता. फक्त गप्प बसायचं होतं. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. मी भोपळ्याच्या आळ्याकडे पाहत होते, ज्यात अजून काहीच नव्हतं.

“रॉन,” मास यूस्टस म्हणाले, “तू बादली नीट बांधली होतीस. मी काढली.”

रॉनला कळेना. “वाऱ्याने—”

“वाऱ्याने नाही. मी. तीनदा. मिस व्हिनी परत ठेवायची, मी परत काढायचो.”

“का?” क्लॉडेटने विचारलं.

“निसवू नये म्हणून. निसवली असती तर किल्ली द्यावी लागली असती. मला द्यायची नाही, क्लॉडेट. तेव्हाही द्यायची नव्हती. तेव्हाच सांगायला हवं होतं.”

सगळ्यात आधी रॉन बोलला. त्याचा चेहरा लालबुंद झाला होता. “तीन वर्षं मी पेंढा वाहतोय! गॅरेजमध्ये वाळवतोय! बायको म्हणते, गाडी बाहेर आणि गवत आत! आणि मघाशी मी रडलो, यूस्टस! या बायकांसमोर!”

“म्हणून तर सांगितलं,” मास यूस्टस म्हणाले.

“पुढच्या वर्षी पेंढा तूच आण!” असं ओरडून रॉन आपल्या तुकड्याकडे निघाला. पण फाटकापर्यंत जाऊन तिथेच घुटमळला.

क्लॉडेट पालथ्या बादलीवर बसली. मग बापाकडे न बघता म्हणाली, “तुम्ही पडलात त्या दिवशी ऑफिसात कुणाचातरी वाढदिवस होता. मी केक कापत होते. तुम्ही इथे चिखलात तासभर, आणि मी सगळ्यांना विचारत होते, कुणाला क्रीमवाला तुकडा हवा. अजून मला केक खाववत नाही. तुम्हाला किल्ली दिसते, डॅडी. किल्लीचं मी काय करू? मला तो तास पुन्हा नको होता.”

मास यूस्टसना हे माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. ते काठीवर भार देत तिच्याकडे एक पाऊल पुढे आले. म्हणाले, “मला सांगायचं होतंस, पोरी.”

“तुम्ही सांगता का?”

यावर माझ्याकडे मत होतं, पण आयुष्यात प्रथमच मी ते दिलं नाही.

क्लॉडेट उठली, पँट झटकली. “शब्द परत घ्या तुमचा. मी सोडला. किल्ली तुमच्याजवळ राहू दे, हातपाय चालतात तोवर या. फक्त एकटं यायचं नाही. आँटी असेल, नाहीतर रॉन, नाहीतर मी. आणि फोन खिशात. खोपटात नाही, खिशात.”

“बरं,” मास यूस्टस म्हणाले. त्यांनी डोळे टिपले, लपवले नाहीत.

मग कुजलेला खांब कापायचा होता. करवत क्लॉडेटने घेतली. ते खुर्चीवर बसून सांगत होते, ती चिखलात गुडघे टेकून कापत होती. “खाली, अजून खाली.” चकती पडायची, आत तपकिरी. “अजून खाली. पांढरं लागेपर्यंत.” फाटकाजवळून रॉन ओरडला, “तिरका काप मार, नाहीतर पाणी साचेल!” आणि आपणच तावातावाने चालत परत आला. जमिनीपासून वीतभर उरलं तेव्हा चकतीत पांढरा, टणक गाभा लागला. क्लॉडेटने त्यावर बोट दाबून पाहिलं आणि बापाचा हात धरून त्यांचंही बोट तिथे ठेवलं.

“आहे जिवंत,” ते म्हणाले. मग जरा वेळाने, रॉनकडे बघत: “पेंढा मी सांगेन तसा वाळवायचा हं. आणि बादलीला मिस व्हिनीची गाठ. आता निसवू दे तिला.”